दर शंभरावी

रॉचडेलच्या कारखान्यात माझं काम होतं
दर शंभरावी तबकडी ऐकायचं.
गाणं ऐकू नका, हॅल्सॉल साहेब म्हणायचे,
चूक ऐका:
खरखर, टकटक, सुईची उडी.
सात वर्षं मी तशीच ऐकत आले.
तांदळातला खडा वेचणाऱ्या बाईला
भाताची चव कोण विचारतंय?

सत्याऐंशीच्या ऑक्टोबरात
'पेपर लॅडर्स'चा शेवटचा अल्बम साच्यात आला.
शेवटचा, हे आम्हाला आधीच ठाऊक.
डोरीनचा भाचा त्यांच्या पेट्या उचलायचा, तो सांगायचा:
चौघं आता चार गाड्यांनी येतात,
एकमेकांशी बोलतात ते इंजिनिअरच्या तोंडून.
त्यांची जुनी गाणी माझ्या कानांखालून गेलेली,
इस्त्रीच्या घडीसारखी, ताठ कॉलरची,
आणि कीबोर्ड असा गार
की फ्रिजचं दार कुणी उघडंच टाकलंय.

बाजू दोन. चौथं गाणं.
मी सुई उचलली.
ठोका जिथं पडायला हवा तिथं पडतच नव्हता.
दुसरी तबकडी लावली, तिसरी लावली,
फॉर्मवर लिहिलंसुद्धा: सुई उडी मारते.

मग माझाच हात टेबलावर गेला
आणि बोटं मोजायला लागली:
दोनाच्या अंगावर तीन, तिनाच्या आडून दोन,
आणि सम,
सम होती की!
फक्त दारात उभी होती.
निघालेली पाहुणी चप्पल शोधता शोधता
आणखी एक गोष्ट काढते ना, तशी.
गिटार तर अशी, जिन्यावरून कुणी
पितळी वाटाणे सोडलेत
आणि खाली एकही पोचत नाही.
हुपरीत आमच्या गल्लीत नारबा हलगी शेकवायचा,
आम्ही पोरं वाजव वाजव करायचो, तर म्हणायचा,
घाई त्याला, ज्याला घरी जायचंय.
वीस वर्षांत मला नारबा आठवला नव्हता.

फॉर्म फाडला.

कव्हरवर चौघांचे चेहरे, चार कोपऱ्यांत.
मागे, बारकोडच्या वर, मुंगीच्या अक्षरांत:
'जादा तालवाद्यं: एबो क्वान्सा आणि मित्र.'
जादा!
मला तर त्या गाण्यात
जादा वाटला असेल तर तो गायक.
आणि मित्र म्हणजे किती? मी मोजले,
निदान सहा हात, मण्यांचं जाळं घातलेला एक भोपळा,
आणि शेवटी, आवाज उतरत असताना,
एका बाईचं हसू.
ते हसू नियमाप्रमाणे चूक होतं.
मी पास केलं.

मार्चमध्ये सतरा नंबरच्या बसमध्ये चढले,
सुटे पैसे देताना ड्रायव्हरचा बिल्ला वाचला.
ई. क्वान्सा.
कित्येकदा याच्याच पाठीमागे बसून
मी डोळे मिटले असतील.
'तुम्हीच का ते?' विचारलं.
'तुम्ही ऐकलंत?'
'कामच आहे माझं. तुमचं नाव जादामध्ये आहे.'
तो म्हणाला, 'पैसे रोख दिले. नाव फुकट.'
पुढच्या थांब्यावर म्हणाला,
'केप कोस्टला आईला एक प्रत पाठवली.
ती विचारते, फोटोत तू कुठला?'

मी विचारलं, ते चौघं?
'चार दिवस भांडले. गाण्यावरून नाही हो,
कुणाचं नाव आधी, त्यावरून.
पाचव्या दिवशी आम्ही कंटाळून
आमचं आमचं वाजवायला लागलो.
एक आला, मग दुसरा. अकरा मिनिटं
कुणाला आठवलंच नाही की बँड मोडलाय.
त्यातली सहा ठेवली.'
'आणि हसलं कोण?'
'माझी बायको. जेवायला बोलवायला आली होती.'

सिग्नल लाल होता.
त्याचा अंगठा स्टिअरिंगवर, माझी नजर अंगठ्यावर.
दिवा हिरवा झाला.
मागच्या गाडीनं भोंगा दिला.

मग
निघाला.