बदली

बापाच्या कार्डावर लिहिलेलं होतं
नरसय्या येमुल, बदली.
भोंग्याआधी तो मिलच्या फाटकाशी उभा राहायचा
डबा घेऊन.
आत घेतील की नाही ठाऊक नसताना
डबा मात्र भरलेला.
जॉबर बोटानं माणसं उचलायचा.
कुणाला हिवताप भरला, कुणाचा मामा मेला
की आमच्या घरी ज्वारी यायची.
लोकांच्या दुखण्यावर आमची चूल पेटते
हे आई कधी बोलली नाही.
विडी बांधताना दोरा तेवढा जास्त ओढायची.

मी संगीत नाटकात गेले तेव्हा बाप म्हणाला,
"म्हंजे तू पण बदलीच की गं."

नऊ वर्षं.
सुमेधा मोहोळकर उजेडात, मी विंगेत
तिच्या गरम पाण्याचा थर्मास धरून.
घरी तेलुगू. मराठी बोलताना
तो-ती-ते मध्ये माझा पाय अडकायचा,
पदात कधी अडकला नाही.
तिचा श्वास कुठल्या अक्षरावर तुटतो
हे मला तिच्या नवऱ्याआधी कळायचं.
प्रयोगाआधी मी सिद्धेश्वराला हात जोडायचे,
हिला काही होऊ देऊ नकोस,
आणि 'नकोस'वर आवाज
जरासा उतरायचा.
देवाला ऐकू येत असेल तर
तेही ऐकू गेलं असणार.

मग त्या जानेवारीत गड्ड्याची धूळ,
त्यावर पोरांच्या हट्टाखातर एक बर्फाचा गोळा.
साडेचारला तिचा घसा बसला.
आठला पडदा.
तिचा शालू मला मोठा, पाठीला सात पिना.
तिसऱ्या अंकात वाकले की
एक पिन नेमकी मणक्यात जायची.
परीक्षक तेव्हा पुढे सरकून बसले.
त्यांना ते दुःख वाटलं असेल.
दुःखच होतं म्हणा.

मॅनेजरनं पत्रिकांवरचं नाव पेनानं खोडून
माझं लिहायला घेतलं होतं.
तिसाव्या पत्रिकेला रिफील संपली.
परीक्षकांच्या टेबलावर गेली
एकतिसावी.

गायन-अभिनय, रौप्यपदक:
सुमेधा मोहोळकर.

ती स्वतः ऑफिसात जाऊन भांडली, हे सांगायला हवं.
कारकून म्हणाला, "बाई, पदक भूमिकेला असतं.
तुम्ही फक्त ते घरी न्यायचं."
मग ती कुंभारीच्या घरकुलात आली, रिक्षानं,
पदक रुमालात,
आवाज अजून फाटलेला.
दोघी कितीतरी वेळ चटणी-भाकरीबद्दल बोललो.
गेल्यावर आईनं ते उलटसुलट पाहिलं.
"गोल आहे," म्हणाली,
"पान कापायला फर्मा चौकोनी लागतो."
आणि ओल्या फडक्यातल्या तेंदूपानांवर
वजन म्हणून ठेवून दिलं.
"रडालीस कशाला? उडत तर नाहीत ना पानं."

पुढच्या वर्षी सुमेधा लेकीकडे पुण्याला गेली.
माझं नाव छापून आलं, शाई हाताला लागणारं.
शालू मापाचा शिवला. पिना नाहीत.
पदं तीच, गळा तोच,
मला वाटतं थोडा बराच.
परीक्षक घड्याळाकडे बघत होते,
त्यांची रात्रीची गाडी होती.
बक्षीस गेलं एका पोरीला,
ती वाक्य विसरून हसली होती
आणि सगळ्यांना ते फार आवडलं.
मलाही आवडलं. खोटं कशाला बोलू.

मिल बंद पडली त्या दिवशीही
बापाच्या कार्डावर बदलीच होतं.
ते त्यानं जपून ठेवलंय
रेशनकार्डाच्या आत.

परवा तालमीत मला खोकला आला.
साधाच. मिरचीचा ठसका.
पेटीवाले थांबले.
विंगेतून भाग्यरेखा पाणी घेऊन धावली,
विडी घरकुलातलीच ती, एकोणीस वर्षांची,
ओठ अजून माझ्याच पदावर हलत असलेले.
"काय झालं ताई, घसा दुखालाय का?"
तिनं फार मायेनं विचारलं.
फार मायेनं,
आणि 'का'वर आवाज
जरासा चढला.

मी पाणी प्यायले. सगळं.
तांब्या तिच्या हातात दिला.
म्हटलं, "उद्यापासून डबा घेऊन येत जा."