अनुसूची ख, ओळ अकरा

बॅटन रूजच्या विधिभवनात, तळमजल्याच्याही खाली
मी बिलांची प्रुफं वाचतो. एकोणीस वर्षं झाली.
जून सरत आला की वरून एक पातळसं बिल येतं:
राज्य जे खटले हरलं, त्यांच्या पैशांची तरतूद.

एका ओळीत एक माणूस.
नाव, खटल्याचा क्रमांक, परगणा, रक्कम.
पाय गेला की डोळा, की घरातलं माणूसच,
त्याला रकाना नाही.
मी स्वल्पविराम बघतो. शून्यं मोजतो.

इथला कायदा असा, की न्यायाधीश 'द्या' म्हणाला
म्हणून लगेच कुणी देत नाही;
सभागृहानंही म्हणावं लागतं, 'बरं, देऊ.'
शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
ओडील फॉन्टेनो ती चढली, जिंकून उतरली,
आणि समोर बघते तर
विधिभवनाच्या एकोणपन्नास.

सात वर्षं ती येत राहिली.
समितीच्या खोलीत मागची रांग,
मांडीवर भाजलेल्या पेकनची कागदी पिशवी.
बाहेर मधल्या सुट्टीची कोळंबी शिजत असायची
आणि आतल्यांचं अर्धं लक्ष तिकडे.
'मॅडम, आपण कशासंदर्भात?'
एक सदस्य दरसाल नव्यानं विचारायचा,
आणि ती दरसाल नव्यानं सांगायची:
मुलगा, रेमी. चोवीसचा होता.
राज्य मार्ग, एकतिसाव्या मैलाची पाटी.
डांबराची कड वीतभर खचलेली.
चाक खाली उतरलं ते वर आलंच नाही.
'अत्यंत दुःखद,' अध्यक्ष घड्याळाकडे बघत म्हणायचे. 'पुढचं.'

एका वर्षी तिच्या आडनावाच्या शेवटचा ट गळाला.
चूक माझीच.
आमच्याकडे तो लिहितात, बोलत नाहीत.
ती जिना उतरून थेट माझ्या टेबलापाशी आली.
'बोलत नसलो तरी असतो तो,' म्हणाली,
आणि मूठभर पेकन ठेवून गेली.
त्या वर्षी बिल बारगळलं. ट-मुळे नाही,
पण मला अजून ट-मुळेच वाटतं.

यंदा मंजूर झालं.
ओळ अकरा. व्याजासकट.
वर टाळ्याही वाजल्या म्हणे, कशासाठी ते माहीत नाही.

पैसे कुठून काढले ते पुढच्या पानावर असतं.
ते पान कुणी वाचत नाही; मला वाचायचाच पगार आहे.
'वजा: रस्ते विभाग,
कडांची दुरुस्ती, त्याच परगण्यातली.'
रक्कम तीच. सेंटपर्यंत तीच.

मी निळ्या पेन्सिलीनं समासात प्रश्नचिन्ह काढलं.
वरून उत्तर आलं:
बेरीज बरोबर आहे.

मग काय झालं ते मला तिच्याकडूनच कळलं.
चेक वटला त्या आठवड्यात
तिनं खडीचे दोन ट्रक मागवले.
एकतिसाव्या मैलाशी ओतले,
पुतण्याच्या हाती फावडं दिलं,
स्वतः घडीच्या खुर्चीवर बसून राहिली,
येणाऱ्या गाड्यांना हात करत: सावकाश, सावकाश.
संध्याकाळपर्यंत कड रस्त्याला लागली.
'एवढंच काम होतं,' म्हणाली. 'एवढंच.'

काल ती पुन्हा खाली आली.
जिना हल्ली तिला जड जातो.
पिशवीतून आधी पेकन काढले, मग एक पाकीट,
राज्याच्या शिक्क्याचं.
'तुझं काम आहे,' म्हणाली. 'शुद्धलेखन बघ.'

सरकारी जागेत विनापरवाना भराव.
तीस दिवसांत काढावा, अन्यथा दंड आणि खर्चवसुली.
सगळ्यात वर, मधोमध, ठळक अक्षरांत:
राज्य विरुद्ध ओडील फॉन्टेनो.

मी दोनदा वाचलं, बोट ठेवून,
जसं वाचायला शिकवलंय तसं.
एकही चूक नव्हती.
ट जागच्या जागी होता.