बसवण्याआधी वापरून पाहा

डिचोलीच्या बसस्टँडमागे च्यारींच्या उद्देशचं दुकान.
तपकिरीच्या चिमटीएवढा पेनड्राइव्ह
त्यानं माझ्या तळहातावर ठेवला.
म्हणाला, काका, लॅपटॉप मेला नाही,
आतली सिस्टम म्हातारी झालीय.
ही नवी घालून बघा. फुकट आहे.
फुकट म्हटल्यावर मी दोनदा किंमत विचारली.

हा लॅपटॉप खाण बंद झाली तेव्हाच्या पैशांतला.
त्याआधी एकवीस वर्षं काट्यावर:
ट्रक चढायचा, आकडा थरथरायचा,
थरथर थांबली की मी पावती फाडायचो.
थांबायची सवय आहे मला.
पडद्यावर ठिपके गोल गोल फिरत राहिले,
मी हाताची घडी घालून बसलो.
शशीनं विचारलं, कोणाक रावल्यात?

मग जांभळट उजेड, आणि पहिलाच प्रश्न:
तुमची भाषा?
यादी विहिरीच्या दोरीसारखी, सुटतच राहिली.
कोकणी दिसली. खूप खाली मराठी.
वाटेत पोर्तुगीजही भेटली,
बाबा जिच्यात फक्त सही करायचे.
एकच निवडा.

आता याला कसं सांगू
की सोयरिकीचं पत्र आम्ही मराठीत लिहितो
आणि सोयरीक मोडल्याचा फोन कोकणीत करतो;
आरती मराठीतली,
आरतीत बेसूर झालेल्याला घातलेली शिवी कोकणीतली.
बाण दोन्हींच्या मधे लोंबकळला.
मराठी दाबली,
आणि शशीकडे न बघता म्हटलं,
वाचपाक बरें पडटा.

दोन रात्री नुसती वापरून पाहिली.
काही बसवायचं नाही, काही उपटायचं नाही.
अक्षरं मोठी केली,
मयेच्या तळ्याचा फोटो लावला,
सोसायटीचा जमाखर्च मांडत होतो
तेवढ्यात वीज गेली.
बॅटरी तर कधीचीच गेलेली.
वीज आली तेव्हा पुन्हा तेच: तुमची भाषा?
तळं नाही, जमा नाही, खर्च नाही.
पाहुणा असा हवा, शशी म्हणाली,
मागे पसारा ठेवत नाही.

तिसऱ्या रात्री 'बसवा' दाबलं.
सगळं पुसून, की जुन्याच्या शेजारी?
शेजारी.
तर एक आडवी पट्टी आली, मधे सरकती रेघ,
इकडे जुनं, तिकडे नवं.
वाटण्या मी पाहिल्यात.
तीन काजू आणि एका विहिरीसाठी
सात वर्षं चाललेला इन्व्हेंटार पाहिलाय,
वकील मेला, त्याचा मुलगा पुढे उभा राहिला.
इथं नुसतं बोटानं ढकलायचं.
शशी खांद्यावरून वाकली:
अर्धं अर्धं. पोर्तुगीज कायदा आहे आपल्याकडे.
रेघ मधोमध आणली.
ती आत गेल्यावर
जुन्याला चार जीबी जास्त दिले.

संगणकाचं नाव? रिकामं चालेना.
'काटा' लिहिलं.
पासवर्ड? माझी जन्मतारीख त्याला कच्ची वाटली.
मग एका ट्रकचा नंबर घातला, अजून पाठ असलेला.
भक्कम, म्हणाला.

आता रोज सकाळी काळ्या पडद्यावर दोन ओळी, नवं आणि जुनं,
आणि दहापासून उलटे उतरणारे आकडे.
काही केलं नाही तर नवं आपोआप उघडतं.
मी काही करत नाही.

काल मात्र नव्यातूनच जुन्याचं दार ढकलून पाहिलं.
कुलूप नव्हतं.
पावत्या होत्या तशाच, तारीखवार.
शेवटची उघडली: तोच नंबर.
रिकाम्या ट्रकचं वजन भरलेलं,
भरलेल्या ट्रकचा रकाना रिकामा.
बंद करायला गेलो तर नव्यानं विचारलं,
बदल जतन करायचे?

मी तर काही बदललं नव्हतं.
बराच वेळ बोट तसंच.
आतून हाक आली,
शीत निवता हांगा.