गुण्या

झाकण बसत नाही.
डावा कोपरा दाबला की उजवा उठतो,
नखाएवढाच, पण उठतो.

फणसाची पेटी, आंबावलीच्या रुझारबाबची.
बायकोच्या बांगड्या ठेवायच्यात, म्हणाला,
अकरा आहेत, बारावी कधीतरी फुटली.

दोरीनं कर्ण मापले.
एक दुसऱ्यापेक्षा तांदळाच्या दाण्याभर लांब.
मी आधी लाकडाला दोष दिला,
मग हवेला, कुशावतीकाठी सगळंच फुगतं,
मग शाबाला, जो सरस ओला असतानाच शिकंजा सोडतो.

शाबा काही बोलला नाही.
सरळ कडेची फळी घेतली,
गुण्या लावून रेघ ओढली,
गुण्या उलटा करून त्याच ठिपक्यातून दुसरी.

दोन रेघा निघाल्या,
वर जाता जाता एकमेकींपासून दूर.

बापाचा गुण्या.
गेल्या शिगम्यात फरशीवर पडला होता,
मी पुसून पुन्हा खिळ्याला टांगला.
तेव्हापासून किती पेट्या? सतरा? वीस?
मडगावला, वास्कोला, एक तर थेट लिस्बनला,
सगळ्यांची झाकणं जराशी खोटं बोलणारी,
आणि एकही गिऱ्हाईक परत आलं नाही.

बिजागरी काढली. जुन्या भोकांत
सरसात बुडवून आगकाड्या ठोकल्या,
सुकल्यावर नवी भोकं, केसभर डावीकडे.
कडेवरून रंधा दोनदा.
तिसऱ्यांदा नको, शाबा म्हणाला.

बसतं आता.
चौकट अजून तिरकीच आहे, रुझारबाब,
झाकण तेवढं तिच्यासारखं तिरकं झालंय.