संपर्क व्यक्ती

नवतपाचा चौथा दिवस.
सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या खोलीत कूलर नुसता ओरडतो,
वाळ्याला वास राहिलेला नाही,
आणि पडद्यावर लाल अक्षरं:
या नावाची मुदत पाच दिवसांत संपत आहे.

नाव हातमाग पाहणी कक्षाचं.
इंग्रजीत लिहिताना ‘एच’पुढे ‘ए’ एक की दोन,
यावर कधीकाळी सात पानांची फाइल हलली होती.
मी वाचली आहे ती.
तिसऱ्या पानावर बारापात्रे साहेबांची हिरवी शाई:
“एकच ए ठेवल्यास लोक हॅट वाचतील.
आपण टोप्या विणत नाही.”
दोन ए मंजूर.

आत फार काही नाही त्या नावाच्या.
एक अर्ज, एक शासन निर्णय, मागाचा एक तिरपा फोटो.
गेल्या महिन्यात अकरा जण येऊन गेले,
त्यातले सात वेळा मीच.
तरी सोडवत नाही.
मागे एका महामंडळाचं डॉट कॉम असंच निसटलं,
तिथे आता रमीचा डाव बसतो,
आणि विधवा बायका अजून तिथेच अनुदानाचा फॉर्म शोधतात.

नावाला दोन वर्षांची मुदत मिळते.
मला अकरा महिन्यांची.

‘नूतनीकरण करा’ दाबलं.
ओटीपी संपर्क व्यक्तीच्या मोबाइलवर पाठवला आहे,
पुरुषोत्तम बारापात्रे, शेवटचे आकडे चार सात.
मी चार सातला फोन लावला.

“साहेब तं गेले ना बाप्पा. तिसरं वर्ष लागलं.
फोन मी चालू ठेवतो. त्यायच्या नावानं मेसेज येतेत.”

गोळीबार चौकातलं घर.
मागे टीव्हीचा आवाज होता.
माग नव्हता.

फोन ठेवून मी नव्या साहेबांकडे गेलो.
संपर्क व्यक्ती म्हणून आपलं नाव टाकू का, सर?
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
“माझ्याकडे अतिरिक्त प्रभार आहे. उद्या काही झालं तर?
जुनं चालतंय ना? चालू द्या.”
लेखाधिकारी रजेवर. अवर सचिव मुंबईत.
एवढ्या मोठ्या इमारतीत
एका नावाला आपलं नाव द्यायला
एकही जिवंत माणूस तयार नव्हता.

पुन्हा फोन.
“थांब, चष्मा लावतो. हं, लिही.
आपल्या गॅस सिलिंडरचे...”
ते नव्हे काकू, त्याच्या वरचं.
“वरचं तं बँकेचं हाय.”
दहा मिनिटं संपली. पुन्हा पाठवला.
या वेळी मेसेज वाजलेला मलाही ऐकू आला.
मग त्यांनी सहा आकडे वाचले,
एकेक, थांबून थांबून,
ताणा मोजणारी बाई धागे मोजते तसे,
आणि शेवटी पुन्हा पहिल्यापासून,
चूक नको म्हणून.

हिरवी खूण आली. मुदत दोन वर्षं.

“झालं का त्यायचं काम?”
झालं काकू.
“आता कधी येईन मेसेज?”
दोन वर्षांनी.
“बरं. मी चार्जिंगला लावून ठेवतो.
रिचार्ज तं दर महिन्याला मारतोच,
पोरगा म्हणते, काहून पैसे घालवतं.”

तो रिचार्ज कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवायचा
हे मी कुणाला विचारलं नाही.

संध्याकाळी फाइलवर टिपणी लिहिली:
नूतनीकरण पूर्ण. संपर्क व्यक्ती कायम.

‘कायम’.
सहा वर्षं झाली मला इथे.
हा शब्द मी पहिल्यांदाच
कुणाच्या तरी नावापुढे लिहिला.
खाली सही केली,
सहीखाली कंसात: कंत्राटी.