समास सोडून

रजाचिठ्ठी म्हणतात इथे बडोद्यात बांधकामाच्या परवानगीला.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसूच आलं:
तेहेतीस वर्षं मी रजाचिठ्ठ्याच वाचल्या,
मराठी शाळेच्या हजेरीपटात खोचलेल्या.
मुलाला ताप आहे. घरी पाहुणे आहेत.
एकदा नुसतंच 'मन नाही', खाली वडिलांची सही.
ती मी मंजूर केली होती.

आता माझी चिठ्ठी घेऊन मीच उभी
खंडेराव मार्केटच्या जिन्यावर.
कारण एवढंच, ह्यांचा गुडघा.
वरची खोली ह्यांना सतरा पायऱ्या लांब पडते,
म्हणून मागच्या अंगणात, शेवग्याच्या जागी,
दहा बाय बाराची एक खोली.
कॉट, कमोड, खिडकी.
आणखी काय मागतं माणूस!

हेमांग सुथार, आमचा लायसन्सवाला इंजिनिअर
(वय माझ्या शेवटच्या वर्गाएवढं, पण माझा विद्यार्थी नव्हे,
त्या सगळ्या इमारतीत माझा विद्यार्थी कुणीच निघाला नाही),
त्याने नकाशा पसरला.
प्लॉटची रेघ काळी. तिच्या आत
चारी बाजूंनी सरकलेली एक लाल, तुटक.
"बेन, आ मार्जिन. आमां कंई न थाय."

म्हटलं, जमीन आमची, ब्याऐंशी साली घेतलेली,
टी.पी.त कपात दिली ती निमूट दिली,
रस्त्यात गेला तो पेरूही आमचाच.
तो म्हणाला, जमीन तुमचीच आहे,
मोकळेपण तेवढं सगळ्यांचं.

खरं तर तो असं काही म्हणाला नाही.
"रूल छे," म्हणाला.
बाकीचं मी शटल रिक्षात बसून जोडलं.

आमच्या सोसायटीत सगळ्यांनीच भरलीय ती पट्टी,
कुणी पत्र्याने, कुणी देवघराने.
कोपऱ्यावरच्या ब्रह्मभट्टांनी तर पार्किंगमध्ये पार्लर काढलंय,
रहिवासी झोनमध्ये, 'फक्त महिलांसाठी',
म्हणजे जणू नियम आत शिरायला लाजेल.
"आधी बांधा," लोक म्हणाले, "मग फी भरून नियमित."
ह्यांना पटलं.
मलाही पटलं, एक दुपारभर.

त्याच दुपारी टेप घेऊन अंगण मोजायला गेले.
तीन वाजता दक्षाबेनच्या ओट्यावर उन्हाचा पट्टा येतो,
त्यात त्या कणीक मळतात.
तो पट्टा आमच्या अंगणातून जातो.
चाळीस वर्षं तिथे कपडे वाळत घालते मी,
एकदाही दिसला नव्हता.
टेप सुटून सर्रकन डबीत गेली.

दर जूनला पहिल्या तासाला मीच लिहायचे फळ्यावर:
डावीकडे समास सोडा.
पोरं विचारायची, बाई, तिथे काय लिहायचं?
तुम्ही काही नाही.
ती जागा दुसऱ्याच्या हाताची.

खोली झाली नाही.
दिवाणखान्यातला सोफा भाच्याला दिला,
मध्ये प्लायवूडची भिंत घातली
(तिलाही चिठ्ठी लागते का, विचारून घेतलं. नाही लागत),
आता पाहुणे ह्यांच्या पायाशी बसतात.
ह्यांचा राग गेलेला नाही.
इंजिनिअरचे पैसे गेले ते गेलेच,
आणि शेवगा तिथेच, केसाळ सुरवंटांसकट.
शेंगा पलीकडे झुकतात त्या दक्षाबेन काढतात
आणि आमटी मला पाठवतात, गोड.
मला गोड आमटी आवडत नाही. खाते.

काल हे म्हणाले,
निदान ही खिडकी तरी मोठी होईल का?
म्हटलं, विचारते.
जुन्या वहीतलं एक पान फाडलं,
'प्रति' लिहिण्याआधी
सवयीने डावीकडे घडी घातली.