मोदकपात्रातला शुक्रवार

पाकिटावर लिहिलं होतं, पाच मिनिटं.
लोअर परळच्या मॉलमधून भाच्याने आणलेलं,
दोनशे ऐंशी रुपयांचं. कुसकुस.
मी म्हटलं, नाव तर घरचंच वाटतंय,
शिळ्या पोळीचा कुस्करा करतो आपण,
त्याची कुणी मावसबहीण असेल.
मोहरी, कढीपत्ता, मिरची, उकळतं पाणी,
सांजा ढवळतात तसं डावाने ढवळलं,
आणि कढईत एकच ढेकूळ झालं,
खिडकीच्या काचेला लावतात त्या लांबीसारखं.

ह्यांनी खाल्लं. म्हणाले, उपमा बिघडलाय.

मबरूका दारातून बघत होती.
भोईवाड्यातली आमची मागची खोली आम्ही देतो
हॉस्पिटलात येणाऱ्यांना. कधी गयेचे, कधी मस्कतचे.
ही ट्युनिशियाची, भावाला घेऊन आलेली.
लझहर. घशाचं.
नाकात नळी, गळ्यात मफलर, एप्रिलातसुद्धा.

ती फोनशी काहीतरी बोलली.
फोन मराठी बोलतो ते तहसील कचेरीच्या नोटिशीसारखं:
"धान्यावर क्रोध करणे टाळावे."
आणि तिने माझ्या हातातला डाव काढून घेतला.

शुक्रवारी तिने मोठी परात मागितली.
जाड रवा, मिठाचं पाणी, बारीक रव्याची भुरभुर,
आणि तळहात उघडा ठेवून गोल, गोल,
दाबायचं नाही,
झोपलेल्या मांजराला कळू नये इतपतच.
हळूहळू रवा रव्याला धरू लागला.
तिने चाळलं, आणि वर उरलेले दाणे बघून
माझ्या तोंडून गेलं, अगं, हे तर गव्हले!
लग्नाआधी आम्ही बायका वळायचो ते,
रुखवतात मांडायला, खिरीत घालायला,
चिमटीत एकेक, गप्पा संपेपर्यंत.
वन्संनी तासगावहून दिलेला डबा काढला.
तिने एक गव्हला दाताखाली धरून पाहिला
आणि हसली. फोन ओट्यावर उपडा पडला होता.

तिचं ते भोकांचं भांडं तिकडेच राहिलेलं.
मी मोदकपात्र दिलं. भोकं मोठी, म्हणून पंचाचा तुकडा.
खाली भोपळा, गाजर, रात्री भिजवलेले चणे
(शुक्रवार म्हणजे आमच्याकडेही चणेच).
मटण नको म्हटलं तेव्हा तिची एक भुवई वर गेली,
तेवढंच.
फटीतून वाफ जायला लागली
तर तिने सांध्याला कणकेची वळी लावली.
वाफवलं, परातीत ओतलं, गार पाणी शिंपडलं,
पोळत्या गाठी बोटांनी मोडल्या, तेल चोळलं.
परत वाफेवर. परत परातीत. परत वाफेवर.
पाच मिनिटं म्हणणाऱ्या पाकिटाकडे
ती ढुंकूनही बघत नव्हती.

तिसऱ्या वाफेला लझहर उठून आला.
खुर्ची ओट्याशी ओढली. खायला नव्हे,
खाणं नळीतून जायचं, पातळ, पांढरं, मोजून.
पण वास नळीच्या बाजूने जातो.
झाकणाजवळ नाक नेऊन तो बसला,
चष्मा धुकट, मफलर सैल,
आणि मबरूकाने त्याला हटकलं नाही,
पंचाचं एक टोक जरा उचललं फक्त.

आम्ही जेवलो. दाण्याला दाणा चिकटला नव्हता.
हे म्हणाले, आज जमलाय हो उपमा.

मे महिन्यात ती दोघं गेली.
मोदकपात्राच्या कडेला वाळलेली कणीक
मी पुष्कळ दिवस तशीच ठेवली. मग गणपती आले,
नखाने काढली.

काल तिचा निरोप आला. फोनने मराठी केलं:
"त्याने आज सात खाल्ले."
सात काय, ते फोनला ठाऊक नव्हतं.
चमचे असतील. घास असतील.

मी परात घेतली, मूठभर रवा, मिठाचं पाणी.
चाळणीतले सात दाणे उचलून तळहातावर ठेवले,
उजेडाकडे धरून पाहिले.
कमी नव्हते.